सिस्टर एकट्या येतात

आमच्या ऑफिसात एक नियम आहे. रात्री उशिराच्या कॅबमध्ये शेवटी उतरणारी मुलगी असेल, तर गाडीत गार्ड बसवायचा. गार्डकाका नळस्टॉपपर्यंतच घोरायला लागतात ती गोष्ट वेगळी :) पण ते असतात. घरी पोचल्यावर पाच मिनिटांत ट्रान्सपोर्ट डेस्कवरून फोन येतो, "मॅडम, पोचलात का?" आपण वैतागून "पोचले हो!" म्हणतो आणि गादीवर आडवे होतो. फोन उचलला नाही तर परत येतो. तिसऱ्यांदाही उचलला नाही तर डेस्कवरचा माणूस ड्रायव्हरला आणि मग घरच्यांना फोन लावतो. एकदा माझा फोन सायलेंटवर होता, तर ह्या प्रकारात रात्री दीडला आईची झोपमोड झाली होती.

हा नियम काही कंपन्यांच्या प्रेमापोटी आलेला नाही. डिसेंबर २००५ मध्ये बंगळुरात आणि नोव्हेंबर २००७ मध्ये आपल्या पुण्यात, कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या दोन तरुण मुली शिफ्टला निघाल्या आणि पोचल्याच नाहीत. दोघींचाही घात न्यायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनेच केला. त्यानंतर गार्ड आले, ड्रायव्हरांची चौकशी आली, हे फोन आले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात तर लिहूनच ठेवलंय, की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय हवी. म्हणजे दोन जीव गेले आणि मग माझ्यासारख्या हजारो जणींच्या मागे एक यंत्रणा उभी राहिली.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझी ताई.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मिरजेला नर्सिंग केलं, आठ वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर ‘वेळा आपल्या हातात राहतात’ म्हणून घरोघरी जाऊन पेशंट बघायला लागली. एका ब्युरोकडून तिला कामं येतात. ड्रेसिंग, कॅथेटर बदलणं, नाकातली नळी बदलणं, इंजेक्शनं, सलाईन. दिवसाला पाच-सहा घरं, मागे डबा बांधलेली स्कूटर, आणि पावसाळ्यात सिंहगड रोडचं ट्रॅफिक. लोक तिला ‘सिस्टर’ म्हणतात. चोवीस तास राहणाऱ्या मावशी वेगळ्या, हे तिला दर घरात एकदा समजावून सांगावं लागतं ("सिस्टर, तेवढा चहा टाकता का?").

गेल्या पावसाळ्यात ती एका आजोबांकडे जात होती. पंचाहत्तरीचे, पक्षाघात होऊन गेलेला, पाठीला मोठी जखम झालेली, थोडा विसरभोळेपणाही. घरात आजी आणि एक स्वयंपाकाची बाई. मुलगा अमेरिकेत. पहिले तीन आठवडे सगळं ठीक चाललं. मग एका आठवड्यात आजोबा शिव्या द्यायला लागले. गुरुवारी ताई जखम धूत असताना त्यांनी चांगल्या हाताने उशीखालून अडकित्ता काढला आणि म्हणाले, "उद्या आलीस तर पोटात घालीन."

आजी म्हणाल्या, "सिस्टर, मनावर घेऊ नका हो. ते तसे नाहीत."

ताईने ड्रेसिंग पूर्ण केलं (हो, पूर्ण केलं!), खाली आली आणि ब्युरोला फोन केला. उत्तर आलं, "पेशंट आहेत सिस्टर, चालायचंच. तुम्हाला जमत नसेल तर उद्यापासून दुसरी पाठवतो."

"तिला सांगणार का तुम्ही अडकित्त्याचं?"

"सांगितलं तर कोण जाईल?"

हे तिने मला रात्री सांगितलं तेव्हा मला एकदम ऑफिस आठवलं. आमच्याकडेही काही महाभाग असंच करतात. बग अवघड आहे असं दिसलं की कॉमेंट पुसून तिकीट दुसऱ्याच्या नावावर टाकायचं. फरक एवढाच, की आमच्याकडे फार फार तर सर्व्हर आडवा होतो.

मी अर्थातच म्हणाले, "सोडून दे ते घर. उद्यापासून जाऊ नकोस." ताई म्हणाली, "अगं, आणि त्यांच्या पाठीचं काय? दोन दिवस ड्रेसिंग झालं नाही तर ते वाचायचे नाहीत. आणि मी सोडलं तर ती नवी पोरगी जाईल, तेवीस वर्षांची. तिला काहीच माहीत नसेल."

मला तिथे पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न ‘जा’ किंवा ‘नको जाऊस’ एवढा सोपा नाहीये. आपण बाहेरून बघणारे लगेच एक बाजू घेतो. एक तर ‘सेवा आहे, सहन करायचं’, नाहीतर ‘अशा लोकांना सेवाच देऊ नये’. ताईला दोन्ही नको होतं. तिला जायचं होतं, आणि परत यायचं होतं.

तिने काय केलं ते सांगते. रात्रीच अमेरिकेतल्या मुलाला फोन लावला. त्याला स्पष्ट सांगितलं, की बाबा असं म्हणाले, हातात अडकित्ता होता, आणि हे गेल्या पाच-सहा दिवसांतच सुरू झालंय. शेवटचा मुद्दा तिच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. म्हाताऱ्या माणसाचं वागणं महिन्यामहिन्याने हळूहळू बदललं तर तो मेंदूचा आजार पुढे सरकत असतो. पण चार दिवसांत एकदम बदललं तर दुसरं काहीतरी शोधायचं. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी होणं, नवीन सुरू केलेली गोळी, किंवा नुसतं दुखणं, जे त्यांना सांगता येत नाही. कॅथेटर घातलेल्या पेशंटमध्ये संसर्गाचा संशय आधी. मुलाने डॉक्टरांना घरी बोलावलं, तपासणी झाली, संसर्ग निघाला, औषध सुरू झालं. दरम्यान ताईच्या अटी होत्या. अडकित्ता, सुरी, काठी खोलीबाहेर. ड्रेसिंगच्या वेळी शेजारचा एक धडधाकट माणूस खोलीत. आणि संध्याकाळची नाही, सकाळची वेळ, कारण असे पेशंट दिवस मावळताना जास्त बिथरतात.

दहा दिवसांत आजोबा निवळले. अडकित्त्याचं त्यांना काही आठवतही नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर ती व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करण्याइतकी गोड झाली असती. पण दोन महिन्यांनी दुसरं घर आलं. पाय मोडलेला, पस्तिशीचा माणूस. स्मृतिभ्रंश नाही, जंतुसंसर्ग नाही, डोकं एकदम ठिकाणावर. घरी एकटा. दुसऱ्या भेटीत घाणेरडं बोलला. ताईने ‘असं बोललात तर मी निघते’ म्हणून सांगितलं, तर म्हणाला, "तुझी गाडी कुठे लागते, पोरांची शाळा कुठली, सगळं बघून ठेवलंय." ताई हातमोजे काढून तिथेच टाकून निघाली. ब्युरोने त्या महिन्याच्या हिशोबात दोन भेटींचे पैसे कापले. काम अर्धवट सोडलं म्हणून.

मी ह्या दोन घरांचा बराच विचार केला. आजोबांना कुठलाही कायदा गुन्हेगार ठरवणार नाही, आणि ठरवूही नये. आपण काय करतोय हे आजारपणामुळे ज्याला कळत नाही त्याचं कृत्य गुन्हा होत नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे (आधी ते भारतीय दंड विधानात ८४ होतं). दुसऱ्याचं बोलणं मात्र सरळसरळ धमकी. कलम ३५१. जीव घेण्याची किंवा गंभीर इजा करण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी दोघं दोन टोकांना. पण अडकित्ता पोटात घुसला असता तर तो आजोबांचा होता म्हणून ताईची जखम उथळ झाली नसती. धमकी कशामुळे आली ह्यावरून पुढे डॉक्टर बोलवायचा की पोलीस, हे ठरतं. ताईने उद्या त्या खोलीत एकटीने जायचं की नाही, हे त्यावरून ठरत नाही. आणि ‘पेशंट आहेत, चालायचंच’ ह्या वाक्यात नेमका हाच घोळ घातलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर-नर्सवर हल्ला केला तर कायदा आहे की. आहे. महाराष्ट्रात २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. पण त्यातली हिंसेची व्याख्या वैद्यकीय संस्थेतल्या कामाशी बांधलेली आहे. हॉस्पिटल, दवाखाना, वगैरे. पेशंटच्या बेडरूमचं काय? गंमत म्हणजे २०२० मध्ये कोविडच्या काळात साथरोग कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात ‘आस्थापनेच्या आवारात किंवा अन्यत्र’ अशी स्वच्छ शब्दयोजना होती. म्हणजे लिहिणाऱ्यांना सुचू शकतं! फक्त ते साथीपुरतं होतं.

एक कायदा मात्र घरात शिरतो, आणि तो आपल्या सगळ्या आयटीवाल्यांना तोंडपाठ आहे. दरवर्षी ते ऑनलाइन ट्रेनिंग येतं, आपण दुसऱ्या विंडोत काम करत ‘नेक्स्ट नेक्स्ट’ करतो आणि शेवटी दहापैकी आठ मार्क मिळवतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यात कामाचं ठिकाण म्हणजे नुसतं ऑफिस नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, आणि राहतं घरसुद्धा. त्यात मालकाचं कर्तव्य असंही लिहिलंय, की कामाच्या ठिकाणी जी बाहेरची माणसं संबंधात येतात त्यांच्यापासूनही बाईला सुरक्षित ठेवायचं. कंत्राटदारामार्फत काम करणारी, रोजंदारीवरची, सगळ्या जणी ‘कर्मचारी’मध्ये येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी, नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आणि हा कायदा आला कुठून? १९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवी नावाच्या ‘साथिन’वर सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारी योजनेत काम करायची, बालविवाह थांबवायला गावात घरोघरी जायची. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. म्हणजे एसी ऑफिसात बसून आपण ज्या कायद्याचं ट्रेनिंग क्लिक करतो, तो मुळात दुसऱ्यांच्या दारात जाऊन काम करणाऱ्या बाईमुळे आलाय. आणि आज तशाच ताईच्या ब्युरोत, जिथे तीसेक सिस्टर आहेत, समितीबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "आम्ही फक्त गाठ घालून देतो मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारी नाही." पैसे कापताना मात्र होती! असो.

बाहेरच्या देशात सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात २८ ऑक्टोबर २०२३ रोजी घरोघर जाणारी एक ६३ वर्षांची अनुभवी नर्स सकाळी एका पेशंटला औषध द्यायला गेली. पेशंट गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेला, अशाच लोकांसाठीच्या वसतिगृहात राहणारा. ती त्यानंतरच्या पेशंटकडे पोचलीच नाही. पोलिसांना तिचा मृतदेह त्याच इमारतीत सापडला. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, त्या राज्याने कायदा केला. पेशंट स्वीकारतानाच संस्थेने विचारायचं, आधी हिंसा झालीय का, घरात शस्त्र आहे का, व्यसन आहे का. ती माहिती जाणाऱ्या नर्सपर्यंत पोचवायची. प्रशिक्षण द्यायचं, आणि दर महिन्याला घरोघर जाणाऱ्या माणसांशी बसून सुरक्षिततेबद्दल बोलायचं. आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं कलम म्हणजे, पेशंटने ही माहिती दिली नाही एवढ्याच कारणावरून सेवा नाकारायची नाही. ताईचं तेच म्हणणं. जायचं, पण माहीत असून जायचं.

आता मी इंजिनिअर. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो अॅपचा. (आम्हाला दुसरं सुचतं काय?) लाल बटण, लोकेशन, सायरन. ताईने शांतपणे विचारलं, "माझ्या हातात रक्ताचे हातमोजे असतील तेव्हा बटण दाबणार कोण?"

मग माझी ट्यूब पेटली. आमच्या सिस्टीममध्ये सर्व्हर मरताना ‘मी मरतोय’ असा निरोप पाठवत नाही. मेलेला काय निरोप पाठवणार! तो जिवंत असताना दर थोड्या वेळाने ‘आहे’ असं सांगत असतो, आणि ते ‘आहे’ यायचं थांबलं की अलार्म वाजतो. आमच्या भाषेत हार्टबीट. ताईसाठी हेच हवं होतं. बटण दाबलं तर नाही, निरोप आला नाही तर धावायचं.

तर आता असं चालतं. घरात शिरण्याआधी ती आमच्या चौघांच्या ग्रुपवर ‘आत, ४० मिनिटं’ एवढंच लिहिते. निघाल्यावर ‘बाहेर’. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं पुढे ‘बाहेर’ आलं नाही, तर त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याने फोन करायचा. (हो, आमचं ऑन-कॉलचं वेळापत्रक आहे. मंगळवार आणि शुक्रवार माझे.) फोनवर ती ‘माझी निळी फाईल तिकडे राहिलीय का बघ’ म्हणाली, तर अर्थ एकच, ११२ ला फोन लाव आणि पत्ता दे. दिवसाचे सगळे पत्ते सकाळीच आमच्याकडे असतात. ह्यात एक ओळ कोड नाही. आणि मला वाटतं, ह्याचा जीव कोडमध्ये नाहीच. पलीकडे एक जागा माणूस हवा, आणि त्याला पुढे काय करायचं ते पाठ हवं. लंडनमध्ये २८ जुलै १९८६ रोजी सुझी लॅम्प्लू नावाची एक घरं दाखवणारी इस्टेट एजंट ‘गिऱ्हाइकाला भेटून येते’ म्हणून गेली ती सापडलीच नाही. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने न्यास काढून एकट्याने काम करणाऱ्यांसाठी आयुष्य वेचलं. त्या कामाचं सार मला तरी हेच दिसतं: तू कुठे आहेस आणि कधी परतणार, हे कुणालातरी माहीत असू दे.

बाकी ताईच्या स्वतःच्या युक्त्या आहेत. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांकडून शिकलेल्या. स्कूटर नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायची. आपण पेशंट आणि दार ह्यांच्या मध्ये राहायचं, पेशंट आपल्या आणि दाराच्या मध्ये नको. स्टेथोस्कोप गळ्यात नाही, बॅगेत. ओढणी नाही. ओळखपत्राची दोरी ओढली तर सुटणारी. कात्री वापरून झाली की लगेच ट्रेमध्ये, पेशंटचा हात पोचणार नाही अशी. विसरभोळ्या माणसाजवळ समोरून जायचं, आधी नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, मगच हात लावायचा. आवाज चढला तर आपला उतरवायचा. आणि तरी पोटात गोळा आला तर निघायचं. का निघालो ह्याचं उत्तर रस्त्यावर येऊन शोधायचं.

पण एकट्या बाईने किती युक्त्या कराव्यात? माझ्या कॅबमध्ये मी काहीच करत नाही, मी झोपते. सगळं दुसरे करतात. मला वाटतं सुरक्षित असणं म्हणजे खरं तर हेच.

म्हणून हे तुमच्यासाठी. हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे आई-बाबा पुण्यात, नाशकात, सांगलीत एकटे आहेत, आणि तुम्ही बंगळुरात, नाहीतर पार समुद्रापलीकडे. आज ना उद्या तुम्ही फोनवरून एक सिस्टर ठरवाल. तेव्हा बाबा चिडतात, हात उगारतात, काठी फेकतात, हे लपवू नका. ब्युरोला नाही, खुद्द येणाऱ्या सिस्टरला सांगा. ती पळून जाणार नाही, तयारीने येईल. पहिल्या दिवशी घरात कोणीतरी हिंडतंफिरतं माणूस ठेवा. अडकित्ता, विळी, बाबांची जुनी गुप्ती, जे काय असेल ते खोलीबाहेर हलवा. सिस्टरने तक्रार केली तर ‘ते तसे नाहीत’ म्हणण्याआधी ‘कधीपासून?’ असं विचारा, कारण त्या उत्तरात तुमच्या बाबांचाही आजार सापडू शकतो. ती घाबरून मध्येच निघाली, तर त्या भेटीचे पैसे द्या. आणि ब्युरोला एवढंच विचारा, "तुमच्याकडे समिती आहे का?" गिऱ्हाईक विचारायला लागलं की समित्या निघतात, हे आपल्या क्षेत्रात आपण पाहिलंय.

त्या पाय मोडलेल्या माणसाबद्दलचा अर्ज ताईने गेल्या रविवारी माझ्या टेबलावर बसून लिहिला. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, त्यातले अकरा दिवस उरलेत. ब्युरो कामं बंद करेल अशी तिला भीती आहे, आणि ती खोटी नाही. सोमवारी ती स्थानिक समितीकडे अर्ज देणार आहे. मी सुट्टी टाकलीय, बरोबर जातेय.